मास्क कोणी धरायचा

बुधवार, दुपार

लाडक्या चिमणे,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला खूप खूप आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल. बाळ दूध पितं, झोपतं, अंघोळीच्या वेळी घर डोक्यावर घेतं. नाक आपल्या आईचं आलंय, तक्रार तिच्याकडे कर.

तू विचारलंस, कळांच्या वेळी तो मास्कमधून ओढायचा गॅस घेऊ का? घे की. दुखणं जात नाही, पण जरा लांब जाऊन उभं राहतं. मी तर सिस्टरना म्हटलं, हे घरी न्यायला द्या, सासूबाई आल्या की उपयोगी पडेल.

एवढं लिहून दोनदा चहा करून आले. पुढचं लिहायला हात धजत नाही. तुझे दिवस भरत आलेत, तुला घाबरवू नये असं वाटतं. पण तुला नाही तर कुणाला सांगू?

जन्मल्यावर बाळ लगेच रडलं नाही गं. निळसर पडलेलं, गप्प. बाजूला नेऊन चोळलं, नाकतोंड साफ केलं, तेव्हा कुठे आवाज फुटला. तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "गॅसचं मनात आणू नका. गुंगी आली की आईच्या हातातला मास्क आपोआप गळतो, जास्त जातच नाही."

माझा गळला होता. सिस्टरनी बजावलं होतं, मास्क बाळंतिणीनेच धरायचा, दुसऱ्या कुणी नाही. पण त्या जरा बाहेर गेल्या आणि तुझ्या भावोजींनी तो उचलून माझ्या तोंडावर दाबून धरला. मला दुखू नये म्हणून! आणि हे आम्ही कुणालाच सांगितलं नाही. मग डॉक्टरांचा दिलासा मला कसा लागू पडणार?

तेव्हापासून हे बाळाला उचलून घेत नाहीत. नुसते त्याच्या नाकाशी बोट धरून बसतात. मी विचारत नाही, ते बोलत नाहीत. मला फार भीती वाटते, चिमणे.

गुरुवार

पत्र अर्धवटच राहिलं होतं. आज बाळाला तपासायला नेलं. मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "डॉक्टर, मास्क मी धरला होता."

बाई चांगल्याच भडकल्या. "बायको बेशुद्ध झाली असती म्हणजे?" मग बाळाला उलटंसुलटं करून तपासलं. "उशिरा का रडलं, ते छातीठोक नाही सांगता येणार. काही बाळं लावतात वेळ. पण गॅस त्याच्या पहिल्या काही श्वासांबरोबरच निघून गेला असणार. बाळ ठणठणीत आहे."

मग सुई टोचली आणि पठ्ठ्याने जो टाहो फोडला! सिस्टर त्याला माझ्याकडे देत होत्या, पण ह्यांनी मध्येच हात पुढे केले. "रड रे," म्हणाले, "अजून मोठ्याने रड." सगळा दवाखाना बघत होता आणि बापलेक दोघेही रडत होते.

तू गॅस खुशाल घे. फक्त मास्क तुझ्याच हातात ठेव, आणि हात पडला तर पडू दे. हे पत्र तुझ्या नवऱ्यालाही वाचायला दे.

तुझी,
अजूनही बाळाच्या नाकाशी बोट धरून बघणारी,
ताई