निरगुडीची एक फांदी

जोधपूर

आई, इथूनच पाया पडते.

फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून लिहिते. मी वेळेवर जेवते, उन्हात रुमाल बांधते.

इथं आमच्या कामात वाळवंटातल्या झुडपांच्या फांद्या वाळवून कागदावर चिकटवतात, खाली गावाचं नाव लिहितात. जुन्या नोंदीतल्या एका गावी काल फोगाचं झुडूप शोधायला गेले. सगळीकडे सोलरच्या प्लेटी. कुंपणाबाहेर एकच फोग उरलाय. एकच असला तर फांदी तोडायची नाही, असा आमचा नियम. फोटो काढून परत आले.

दिंडोरीत आपल्या मळ्यातून जाणाऱ्या नव्या रस्त्याची मोजणी झाली, असं शेखरदादा म्हणाला. बाबा त्यावर काही बोलतात का गं?

जेसीबी यायच्या आधी विहिरीजवळच्या निरगुडीची फांदी पेपरात दाबून ठेव. खाली आपल्या मळ्याचं नाव मी लिहीन.

एकच झुडूप आहे, माहितीये. तरी तोड.

तुझी छाया