एका घरात एकच नाव

आई, तुझ्या नातीनं गेले काही दिवस माझं डोकं उठवलंय. बाळंतपणाला ती माझ्याकडेच आहे, सदाशिव पेठेत. मुलगी झाली. रंगानं तुझ्यावर गेलीय, आवाजानं कुणावर गेलीय देव जाणे, रडायला लागली की खालच्या क्लासची मुलं माना वर करून बघतात. सगळं छान चाललं होतं. आणि एक दिवस ही बाळाला खांद्यावर थोपटत मला म्हणते, "आई, आमचं नाव ठरलं. तुझंच ठेवायचं." मी डिंकाचे लाडू वळत होते. म्हटलं, "माझं काय ठेवायचं?" "नाव गं! अमेरिकेत माझ्या टीममध्ये एकजण होती, तिचं नाव तिच्या आजीचंच होतं, पुढे नुसतं 'सेकंड' लावायची. इतकं क्यूट वाटायचं!" म्हटलं, "सेकंड लावायला पोरगी आहे की रेल्वेचा डबा? आणि मी अजून जिवंत आहे, बाई. जरा दम धर." ती हसली. मी पण हसले. पण हातातला लाडू काही नीट वळेना, फुटायलाच लागला.

तेव्हापासून मला चैन नाही. कपाट आवरायला घेते, अर्धं टाकून उठते. गॅस बंद केला का म्हणून तीनतीनदा बघते. तुझे जावई पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "एवढं काय झालंय? नावच तर मागतेय पोरगी." त्यांना काय सांगू? ते नाव माझं आहे की नाही, याचाच मला आयुष्यभर पत्ता लागलेला नाही. आणि ज्या एका बाईला विचारायचं ती तू, जाऊन बसलीस. मामाही गेला. आता आहे कोण सांगायला?

मला तो दिवस आठवतो. मी तिसरीत वगैरे असेन. ताप होता म्हणून शाळेत गेले नव्हते, तुझ्याजवळ स्वयंपाकघरात पोत्यावर बसले होते. तू मेसच्या पोळ्या लाटतेयस, बाहेरच्या खोलीत मुलं ताटावर बसलीयत, "काकू, पोळी", "काकू, आमटी" असा नुसता गजर. त्या सगळ्यांची तू काकू. गल्लीतल्यांची वहिनी. बाबा तुला नावानं हाक मारायचे, पण ते नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं, आणि त्या हाकेला तुझी ओ नेहमी जराशी उशिरा यायची. मला वाटायचं, तुला कमी ऐकू येतं. तर त्या दिवशी मामा आला. लोणी काळभोरहून माल घेऊन मार्केट यार्डात यायचा, आणि उरलेली भाजी द्यायला आपल्याकडे. दारातूनच त्यानं हाक मारली, माझ्या नावानं. मी म्हटलं, "ओ!" आणि त्याच क्षणी, अगदी माझ्या आवाजावर आवाज, तू पण म्हणालीस, "ओ!" काही उशीरबिशीर नाही.

मामा दारात मेथीची जुडी धरून हसायलाच लागला. "दोघी बी ओ देत्यात की! आता ही मेथी कुणाच्या हातात देऊ?" तुझं तोंड लाल झालं. "दादा, इथं नको त्या नावानं," तू म्हणालीस, आणि माझ्यावर खेकसलीस, "बघत काय बसलीस? पोळी करपतेय, उलट ती." इतका तुझा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

मामानंच मग मला सांगितलं, अंगणात, बशीत चहा ओतता ओतता. की माहेरी तुझं नाव हेच. लग्न ठरलं तेव्हा कळलं, सासूचं नाव पण तेच. मामा म्हणाला होता, "त्यात काय मोठं? एक थोरली, एक धाकटी. आमच्या गावात दोन-दोन तीन-तीन हायेत एका नावाच्या." पण आजी ऐकेना. "आमच्याकडे एका घरात एकच नाव. सुनेला हाक मारताना मी काय स्वतःलाच हाक मारू?" झालं. तुझं नाव काढून ठेवलं आणि दुसरं दिलं. पुढे माझ्या जन्माच्या आधी आजी गेली आणि मी झाले, तेव्हा आत्यानं पाळण्यात माझ्या कानात आजीचं नाव सांगितलं. "आमच्या आईचं नाव चालवलं गं," हे आत्या मला किती वेळा सांगायची! आणि पुढे न चुकता, "तुझी आई काही बोलली नाही हो. नुसती हसत होती."

आई, कसली हसत होतीस? मला त्या वयापासून हेच छळतं. तुला वाटलं का की चला, आपलं नाव परत घरात आलं, कुणाला न कळता आलं? की वाटलं, सासूनं जिवंतपणी घेतलं आणि आता मेल्यावर लेकीच्या गळ्यातही स्वतःचंच म्हणून घातलं? कारण तू मला त्या नावानं कधीही, एकदाही हाक मारली नाहीस. "ए पोरी." शाळेत असताना "ए पोरी", नोकरीला लागले तरी "ए पोरी", माझ्या मांडीवर माझी लेक, तरी मी "ए पोरी"च. मैत्रिणी हसायच्या. मी पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यात दारात बसून पेशंटची नावं पुकारायचं काम केलं, निवृत्त होईपर्यंत. अख्ख्या पेठेची नावं घेतली मी. एकाच नावाच्या दोघी आल्या तर खुशाल म्हणायचे, "थोरल्या आत या, धाकट्या जरा बसा." कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हा दर वेळी आजीचा राग यायचा. आणि खरं सांगू? थोडा तुझाही. जगाची नावं मी घ्यायची, आणि माझं नाव माझ्या आईच्या तोंडून मला मिळू नये?

पण मग माझं लग्न आठवतं, आणि सगळा हिशेब कोलमडतो. तांदळाचं ताट आणलं, ह्यांच्या हातात अंगठी, सासरच्यांनी नाव पण ठरवून ठेवलेलं, मोठं गोड होतं. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. सगळ्याच मुलींचं बदलायचं, माझं बदलेल. आणि तू, जी बाबांच्या पुढे चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचीस, ती तू उठलीस आणि ताटावर हात ठेवलास. तांदूळ विस्कटले. म्हणालीस, "नाव बदलायचं नाही." सासूबाई म्हणाल्या, "अहो, रीत असते." तू म्हणालीस, "असेल. हिचं बदलायचं नाही." पुढे एक शब्द नाही, कारण नाही, हात मात्र तिथंच. बाबा अवघडले, भटजी माझ्याकडे बघायला लागले. शेवटी हेच म्हणाले, "राहू दे, आहे ते चांगलं आहे." आणि तू हात काढलास आणि आत निघून गेलीस, वाढप बघायला. तेव्हा मी कौतुकानं रडले होते. पुढे कितीदा मनात आलं, तू नाव कुणाचं वाचवलंस, माझं की तुझं? तुला विचारायला तोंड उघडायचे आणि तू म्हणायचीस, "ए पोरी, कढी उतू जाईल."

असो. तर लेकीला मी नाहीच म्हणत राहिले. जिवंत माणसाचं नाव आपल्यात ठेवत नाहीत, म्हटलं. जुनाट नाव आहे, शाळेत चिडवतील, म्हटलं. बारशाच्या आदल्या दिवशी ती रडायलाच लागली. "मला तुझं नाव हवंय आणि तुला ते द्यायचं नाही, एवढंच ना? स्पष्ट सांग की मग!" बाळंतिणीनं रडू नये. मी तिच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. मामाची मेथी, आजीचं ते बोलणं, तांदळाचं ताट. सांगून टाकल्यावर इतकं हलकं वाटलं! ती डोळे पुसत ऐकत होती, आणि एकदम उजळली. "म्हणजे हे माझ्या आजीचं खरं नाव होतं? अगं, मग प्रश्नच मिटला! तुझं नको ना ठेवू? नाही ठेवत. आजीचं ठेवते. तिला तिचं नाव परत!" आणि माझ्या गळ्यात पडली. हे सगळं मीच पेरलेलं.

काल बारसं झालं. घरातच केलं, सोफा गॅलरीत ढकलून. बाळाची आत्या परदेशात, तिचं कुर्रर्र मोबाइलवरून, आणि बायकांनी धपाटे घालायला पाठ कुणाची म्हणून माझ्या जावयांचीच पाठ पुढे केली. मजा आली. मग लेक उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं, की हे तिच्या आजीचं नाव, सासरी हरवलेलं, ते आज परत आणलंय. बायकांच्या डोळ्यांत पाणी. विहीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "आपल्या आईचं नाव चालवलंत, फार छान केलंत हो." जो येतो तो तुझ्याबद्दल विचारतोय. कुणाच्या, अगदी कुणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही की ते नाव समोर बसलेल्या या बाईचंही आहे, साठी उलटेपर्यंत तिनं ते वापरलंय. माझ्या मांडीवर बाळ, सगळे माझ्याकडे बघतायत, फोटो चाललेत. मी काय करणार? मी नुसती हसत होते.

आणि मग कळलं गं मला, तू कशी हसत होतीस ते. राग होता त्यात. आनंद पण होता. आणि मिरचीसारखं काहीतरी घशाशी, की अहो, मी इथंच आहे ना! हे सगळं एकाच हसण्यात मावतं, हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव हट्टानं, रडून मागितलं होतं, आणि मीच तोंड उघडून ते तुला देऊन बसले. मला तुझा हेवा वाटला, आई. मेलेल्या आईचा. लाज वाटते लिहायला, पण वाटला.

आज सकाळी लेक अंघोळीला गेली आणि बाळानं सूर लावला. मी एकटीच होते. वाटलं, आता कुणी नाही, आता मनसोक्त नावानं हाक मारू. पाळण्यावर वाकले, ओठ उघडले, आणि नाव येईना. खरंच येईना. जिभेवर आलं की वाटायचं, वेड लागलंय का, ही मी स्वतःलाच हाक मारतेय. आजी हेच म्हणाली होती ना? जन्मभर मी तिला त्यासाठी नावं ठेवली. पुन्हा प्रयत्न केला, नाहीच. पोरगी लाल झाली रडून रडून. शेवटी तोंडातून जे निघालं ते ऐकून माझी मीच दचकले. म्हटलं, "ए पोरी."

ती गप्प झाली आणि माझ्याकडे बघायला लागली.

हे पाठवायचं नाहीच आहे. पाकिटावर तुझं खरं नाव लिहिलं तर पोस्टमन ते मलाच आणून देईल. तू मला नावानं हाक मारली नाहीस ही तक्रार करायला मी बसले होते. ती मागे घेते. पण सगळी नाही घेत. एकदा, निदान एकदा, चुकून तरी मारायची होतीस.