सर्जेराव अध्यक्ष झाल्यापासून

५ ऑगस्ट
झाली एकदाची निवडणूक! आमच्या छावणी भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे नवे अध्यक्ष — सर्जेराव. मीही मत त्यांनाच दिलं. मंगळवारचा कवितेचा तास चालू ठेवतो म्हणाले. अजून काय पाहिजे मला?

सरदार हसला. "एका तासावर इमान विकलं व्हय, मास्तर?" करमाडच्या शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तेव्हापासून हा असाच बोलतो.

१३ ऑगस्ट
हॉलमधल्या टीव्हीची काच फुटली. सर्जेराव म्हणाले, "हा कट आहे!" कार्यकारिणी बरखास्त. महिनाभर सगळे निर्णय एकटे अध्यक्ष घेणार. आम्ही टाळ्या वाजवल्या.

वॉचमन बन्सी हळूच म्हणाला, "मांजर होतं, गुरुजी."

१४ ऑगस्ट
बन्सीला कामावरून काढलं.

२२ ऑगस्ट
नात श्रेयाची इतिहासाची चाचणी. "आजोबा, हुकूमशहा सत्तेवर आला की काय करतो?" फार रंगून सांगितलं मी — आधी संकटाची हाकाटी, मग तात्पुरते अधिकार, मग विरोध करणारे बाहेर. "आणि लोक?" म्हटलं, घाबरट होते, बाळा. आणि तिचं पुस्तक मिटलं.

१५ सप्टेंबर
महिना सरला, 'तात्पुरतं' काही सरेना. आता सर्जेराव आत आले की सगळ्यांनी उभं राहायचं. सरदार बसूनच! "गुडघे माझे हैत. कधी उठायचं ते मीच ठरवीन." लई हसलो. पण सर्जेरावांचे उजवे हात साहेबराव वहीत काहीतरी टिपून घेत होते.

२१ सप्टेंबर
सर्जेराव स्वतः घरी आले! चहा घेतला. मला चालीवर कविता म्हणायला लावली, मानही डोलावली. चपला घालता घालता म्हणाले, "मंगळवारचा तास तुमचाच, गुरुजी. उद्या सरदारचं नाव कमी करायचा ठराव आहे. हात वर करा, बस्स."

कशात मन नाही. चौथीतली दुपार आठवते — टेबलावर छडीचा ठेका, आणि मी अडलो की सरदार नुसते ओठ हलवून पुढची ओळ सांगायचा.

नाही करणार हात वर. ठरलं!

२२ सप्टेंबर
ठराव एकमतानं मंजूर. एकमतानं — म्हणजे मीही.

मोजणी संपली तरी माझा हात वरच. सरदार उठला, जवळ आला, त्याच्या घरच्या दखनीत म्हणाला, "नीचे ले, मास्तर. दुखेगा."