चूक माझी, पेपर मागे घ्या

३ जुलै, गुरु.
वर्गातल्या मुलींना नमुना दाखवायला म्हणून लॅबमधलं जुनं रजिस्टर काढलं. थाटीपुरकडच्या वस्तीतल्या बोरिंगच्या पाण्याचं पान. कोपऱ्यात माझंच अक्षर: ‘दहापट पातळ केलं.’ जर्नलमध्ये छापलेल्या आमच्या पेपरातल्या तक्त्यात मात्र आकडे तसेच. दहाने गुणायचं राहिलं. तीनदा ताळा केला. राहिलंच आहे.
आणि आम्ही छापलंय, नायट्रेट मर्यादेत, पाणी पिण्यायोग्य. नावं दोन. माझं आणि विभागप्रमुख दीक्षित सरांचं.

५ जुलै
बाटल्या घेऊन त्याच वस्तीत गेले. चार बोरिंग. शेवटच्या घरातल्या बाईंनी ओळखलं. “मैडम, आप ही ने तो कहा था पानी ठीक है.” सुनेच्या तान्ह्या मुलीचं डब्याचं दूध ह्याच पाण्यात. “उबालकर देते हैं.” उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढतं. सांगितलं, आजपासून बंद, मुलीला डॉक्टरांना दाखवा. “तब क्यों नहीं बताया?”

८ जुलै
चारपैकी तीन मर्यादेच्या वर. सरांच्या केबिनमध्ये कागद ठेवले. पुढच्या महिन्यात त्यांची प्रमोशनची मुलाखत, यादीत हा पेपर आहे. शांतपणे म्हणाले, “नए नमूनों पर नया पेपर लिख दीजिए. पुराने को मत छेड़िए. आपके भी दो हो जाएँगे.”
म्हटलं, सर, जुना कोणी वाचला तर?
“कौन पढ़ता है?”
मग छापला कशाला, हे जिन्यात सुचलं. तिथेच म्हणायला हवं होतं.

९ जुलै
अनिलला सांगितलं. नवरा म्हणून नाही, बँकेतल्या ऑफिसरसारखा बोलला. “पेपर मागे घेतला एवढंच लोक वाचतात, कारण नाही. तुझं नाव पण जाईल.” खरं आहे ते. म्हणून तर रडू आलं. ईशा ताटावरून म्हणाली, “आई, गलती है तो है ना. इसमें सोचना क्या?” बारावीत आहे. सोपं आहे तिला. असू दे.

१० जुलै
संपादकांना मेल. चार ओळी. चूक माझ्या गणिताची, निष्कर्ष उलटा होतो, पेपर कारणासकट मागे घ्या. रजिस्टरच्या पानाचा फोटो. सरांना प्रत. लपून काही करायचं नाही.

१५ जुलै
संपादकांचं उत्तर: दोन्ही लेखकांची संमती हवी, नाहीतर कॉलेजच्या समितीने चौकशी करून कळवावं. समितीचे अध्यक्ष कोण? दीक्षित सर. हेच लिहून संपादकांना आणि प्राचार्यांना पाठवलं, एक शब्द जास्त नाही.
स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी आज कोणी नाही. फक्त गणिताच्या सक्सेना मॅडम बसल्या. “मान गए आपको. पर मेरा नाम मत लीजिएगा.” नाही घेणार.

२० जुलै, रवि.
वस्तीला सांगायला कोणाची संमती लागत नाही. पाटणकर बाजारातून हिंदीत मोठ्या अक्षरांत कागद छापून आणले. कोणतं पाणी लहान मुलांना नको, आधी मीच चुकीचं सांगितलं होतं, खाली माझं नाव आणि फोन. अनिल स्कूटरवर सोबत आला, गोंद धरून उभा. एका घरमालकाने समोरच फाडला, “मेरे किराएदार भगाएँगी आप?” दुसरा लावला. तो पण फाडला. तिसरा त्याच्या हातातच दिला आणि म्हटलं, वाचून मग फाडा. फाडला नाही. लावलाही नाही.

२४ जुलै
समिती झाली. सरांच्या जागी प्राचार्यांनी दुसऱ्यांना बसवलं होतं, माझ्या मेलमुळे असेल. आधी ‘संस्था की छवि’वर बराच वेळ. मग फिजिक्सच्या वृद्ध सरांनी विचारलं, “आप चाहती क्या हैं?” म्हटलं, जे छापलंय ते खोटं आहे, तसं छापा. त्यांनी लिहून घेतलं. निर्णय ‘सूचित किया जाएगा’. कधी ते नाही.
बाहेर व्हरांड्यात दीक्षित सर उभे. “मिला क्या आपको?” राग आला होता, पण चेहरा थकलेला दिसला. म्हटलं, “सर, इसके बिना जाइए इंटरव्यू में. बाकी पेपर अच्छे हैं आपके.”
घरी येऊन पाहिलं. पेपर अजून जर्नलच्या साइटवर, जसाच्या तसा. डाउनलोडचा आकडा एकाने वाढलाय, कोणीतरी आज पण उतरवून घेतलाय.
संपादकांना परत लिहिलं. सोमवारी परत लिहीन.