दम जिरवून आत ये

बा, तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला आधी तुझे पाय आठवावे लागतात. कल्याण स्टेशनावर आगगाडीतून उतरलेली डाकेची थैली खांद्यावर टाकून तू मुरबाडच्या वाटेनं पळत निघायचास आणि आपलं घर त्याच वाटेवर होतं. काठीला बांधलेली घुंगरं आधी ऐकू यायची, मग तू दिसायचास. डाक वाटेत थांबवायची नाही हा सरकारचा कायदा, आणि तुझा तर त्याहून कडक. तू परत यायचास तेव्हा मी झोपलेली असायचे. म्हणून तुझ्याशी बोलायचं तर तुझ्या बाजूनं पळावं लागायचं. मी जन्मले तेव्हा सुईणसुद्धा लुगडं सावरत वाटेवरच्या चिंचेपर्यंत तुझ्यामागे धावली होती. मुलगी झाली म्हणून सांगितलं, तर तू न थांबता विचारलंस, "रडते का नीट?" यावरून आयनं तुला जन्मभर चिडवलं. सावकाश चालणं तुला जमायचंच नाही. माझ्या लग्नात वऱ्हाडाला सामोरा निघालास आणि वाजंत्री मागे टाकून एकटाच पुढे पोचलास.

घरापासून चिंचेपर्यंत, तेवढंच आपलं बोलणं. शेळी व्याली, कोंबडी मुंगसानं नेली, सगळं मी तुला तिथेच सांगितलं. एका सकाळी मात्र मी रडतच धावत आले. आय तापानं फणफणली होती, कुणाला ओळखत नव्हती. तू थांबला नाहीस, पण पाऊल आखडलंस. तुझं पाऊल मंदावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "पुढच्या डाकवाल्याच्या हातात थैली देतो नि येतो," म्हणालास. मी लगेच घराकडे वळून पळू लागले तर मागून ओरडलास, "पळत नको जाऊस गो. चालत जा. धापा टाकत आत गेलीस त आय घाबरंल."

मला तुझा राग आला होता, खरं सांगते. आय मरायला टेकली आहे आणि बाप चालायला शिकवतोय. तरी चालत गेले. तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं कपाळ पुसत राहिले, कान मात्र वाटेकडे. आणि मग तू येतोस. घामानं निथळत, काठी टाकून, अंगणात शेवग्याच्या बुंध्याला हात लावून उभा राहतोस. दारातून मला तुझी छाती वरखाली होताना दिसते. आत यायला तुझा जीव तुटतोय आणि तू येत नाहीस. छाती शांत होते, तोंड पुसतोस, मग आत येऊन अगदी रोजच्यासारखं म्हणतोस, "काय गो, आज चूल पेटली नाय?" आयनं डोळे उघडले. चार दिवसांनी उठून बसली आणि पहिल्यांदा तुलाच बोलली, की चूल तुला पेटवता येत नव्हती काय.

पुढे तू मला ठाण्याला, शाळामास्तराच्या घरात दिलंस. त्यांनीच मला लिहायला शिकवलं. या घरात मी आजारी माणसाकडे, रडत्या पोराकडे, चिडलेल्या सासूकडेसुद्धा कधी धापा टाकत गेले नाही. उंबऱ्याबाहेर थांबते, दम जिरवते, मग आत. पोरं हसतात मला. त्यांना काय ठाऊक, मी कुणाची मुलगी आहे.

मग तुझं आता खरं नाही, असा निरोप आला. मी पोचले तेव्हा शेवग्यापाशी थांबले. दर श्वासाला वाटत होतं, आत तू जाशील, मी इथे उभी. तरी थांबले. आत आले तर तू जागा होतास. "कशानं आलीस?" विचारलंस. मी म्हटलं, बैलगाडीनं. तू माझ्या पायांकडे पाहिलंस, गुडघ्यापर्यंत धूळ, पोटरीवर काट्यांचे ओरखडे. किती तरी वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "बैल चांगले पळाले." दिवस मावळायच्या आत तू गेलास.

हा कागद कुठल्या डाकेत टाकायचा, बा? घडी करून तांदळाच्या मडक्यावर झाकणाखाली ठेवीन. तुला कळलं होतंच, तरी एकदा माझ्या तोंडानं सांगायचं राहिलं होतं. गाडी नव्हती. कल्याण स्टेशनापासून काष्टा मारून मीच पळत आले.