सरहद्दीसाठी राखलेले दोन तास

पप्पा, युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात गाडी नेताना सहसा कुणी थांबवत नाही. रस्त्याच्या कडेला एक पाटी येते, तिच्यावर नव्या देशाचं नाव असतं, आणि आपण ते वाचेपर्यंत तो देश सुरूही झालेला असतो. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. तरी म्युनिकपासून फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थापर्यंतचा आमचा गाडीचा प्रवास आखताना मी प्रत्येक सरहद्दीसमोर दोन तास राखून ठेवले. तुमची नात लॅपटॉपमध्ये डोकावली. "पप्पा, धिस टू आवर्स... तिकडे आपण काय करणार? पिकनिक?" मी म्हणालो, "लाईन असेल." ती इतकी हसली की तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "देअर इज नो लाईन, पप्पा! तिकडे बॉर्डरच नाय आहे." मी ते तास खोडले आणि नंतर कॉफी पिण्याच्या नावाखाली गुपचूप अर्धे परत घातले. आखातात वाढलेल्या माणसाला देश असा फुकट बदलता येतो यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

हिवाळाभर दर शुक्रवारी इथे आखातात, माबेल्याच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल म्हणजे युरोप. ऑस्ट्रियाच्या हायवेला काचेवर चिकटवायचा वेगळा स्टिकर, स्वित्झर्लंडचा वेगळा. भाड्याची गाडी कुठल्या देशात न्यायची ते कंपनीला आधी सांगायचं. डोंगरात बर्फ असेल तर टायरही निराळे. या सगळ्या शहाणपणात मम्मीचा प्रश्न एकच: "मध्ये बाथरूम कुठं कुठं आहे?" आणि खरं तर प्रवास तिचाच होता. रिटायर झालो की तुला लूर्दला गाडीने नेतो, असं तुम्ही तिला सहम गावातल्या आपल्या जुन्या दोन खोल्यांत सांगत राहिलात. दिवसभर लोकांच्या दुकानातले फ्रीजर दुरुस्त करून आलेला माणूस जे जे बोलतो ते ते सगळं. मग रिटायर व्हायच्या आधीच तुम्ही वसईला परत गेलात, विमानाच्या पोटातून, सामानासोबत.

आपण तिघं सहमहून दुबईला निघालो होतो तो दिवस आठवतो? मावशी तिथलं नर्सचं काम सोडून कॅनडाला चालली होती, कायमची. मम्मीने सुकी करंदी आणि लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळली होती. सरहद्दीची चौकी दिसायच्या आधीच तुम्ही गाडी कडेला घेतलीत. हा तुमचा नेम होता. सगळ्यांनी केस विंचरायचे, गॉगल काढायचा, एसी बंद, काचा खाली. पासपोर्ट मोठ्यापासून लहानापर्यंत, फोटोचं पान उघडून. मग आरशातून माझ्याकडे बघून, "तोंड उघडायचं नाही. विचारलं तरी नाही. तुझी जीभ या गाडीत ठेव." मी बारा वर्षांचा होतो आणि तेव्हाही माझी ख्याती तीच होती.

मम्मीच्या पासपोर्टवर हवा तो शिक्का नव्हता. कंपनीच्या माणसाने करतो म्हणून सांगितलं होतं आणि केला नव्हता. खिडकीतला पोरगा सभ्य होता, आपल्याशी हिंदीत बोलला. "बाबा, आप और बच्चा जाओ. मदाम नहीं." मम्मी लगेच म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं जा. मी इथं सावलीत बसते. तिला निदान पोराचं तोंड दिसू दे." तुम्ही पासपोर्ट शर्टात घातलेत. "सगळे नाहीतर कोणी नाही. खलास." आणि गाडी वळवलीत.

ही गोष्ट मी पुढे किती जणांना अभिमानाने सांगितली! ऐकणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. पण सहमच्या स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी काय झालं ते मी कुणाला सांगत नाही. मम्मीने ती करंदी परतायला टाकली आणि भांडी अशी आपटली की शेजारचे येऊन गेले. "मी जा म्हटलं होतं ना? आता जन्मभर काय, तर हिच्यामुळे गेलो नाही. तुम्ही चांगले ठरलात, आणि मी अडचण." तुम्ही जेवत राहिलात. मावशी परत कधी भेटली नाही. मम्मीने तुम्हाला बाकी सगळं माफ केलं, पण ती वळवलेली गाडी नाही.

परवा पासपोर्ट आले. आम्हा तिघांचे व्हिसा लागलेत, मम्मीचा नाकारलाय. कारण असं की मुदत संपल्यावर ती परत फिरेल याची त्यांना खात्री वाटत नाही. जी बाई दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला कठड्याची आणि माझी दोघांची मदत घेते, ती फ्रान्समध्ये पळून जाईल! मी हे चांगलं रंगवून सांगितलं. मम्मी हसली नाही. पासपोर्ट घेऊन तिने आपला फोटो पाहिला, पासपोर्ट मिटला आणि म्हणाली, "तुम्ही जा. पोर पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, मग कोण कुणाबरोबर फिरतंय? खालची रत्नागिरीची भाभी येईल माझ्याकडे झोपायला." मी तोंड उघडलं तसा तिने हात वर केला. "बापाची नक्कल करायची नाही. त्यांनी एकदा वळवली तेवढी पुरे."

बायको म्हणते, पुन्हा अर्ज करूया. मी म्हणतो, वेळ नाही, पोरीची शाळा आहे, तिकिटं काढलीत, हे सगळं खरं आहे. म्हणून आम्ही जातोय. गाडी मी लहान घेतली, बाथरूमचे थांबे काढून टाकले, डोंगरातला लांबचा रस्ता घातला. मम्मी रोज विचारते, काय काय ठरलं, आणि मी तिला अजून जुनाच रस्ता सांगतो.

हे कुठे टाकायचं नाही, पप्पा. तुमचा पत्ता आता वसईच्या चर्चच्या मागे आहे आणि तुमच्या नावाचं टपाल मम्मीच वाचेल. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. पासपोर्ट उघडले आणि तिचं पान कोरं दिसलं, तेव्हा वाईट मला नंतर वाटलं. आधी हायसं वाटलं.