चंद्र पुढे ढकलला

४ डिसेंबर १९५७, बुधवार

आज अमेरिकेचा चंद्र उडणार!

माझ्या रेडिओच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर कालच लिहून ठेवलं, दोन रंगांच्या खडूने. 'अमेरिकेचा कृत्रिम चंद्र — बुधवारी. त्याचा आवाज ऐकण्यास अवश्य यावे.' विमल म्हणाली, बाबा, खाली हिंदीतही लिहा, आता नागपूर सुटलं, भोपाळचं राज्य आहे. लिहिलं. माझी लेक शाळेत मास्तरीण असली तरी अक्षर माझंच चांगलं, हे तीही कबूल करते.

रशियाचा चंद्र साध्या शॉर्टवेव्हवर ऐकू आला होता. हा फार वरच्या पट्टीत बोलणार. सिंधीपुऱ्यातच काय, अख्ख्या बुऱ्हाणपुरात तिथवर पोचणारा रेडिओ नाही. म्हणून वेगळा संच बांधतोय, लष्कराच्या भंगारातून निघालेल्या व्हॉल्व्हवर. पुस्तकातल्या आकृतीत एक जोड चुकीचा दाखवला होता. तो मी पकडला. शिकलेल्यांची पुस्तकं अशी असतात.

उद्याच्या गाडीने विमलच्या आईला, मालतीला, इंदूरला न्यायचं होतं, डोळे दाखवायला. इथले डॉक्टर म्हणाले, हे माझ्या हातचं नाही, इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. पण चंद्र आज उशिरा उडाला तर आवाज उद्याच यायचा, मग दुकान कसं सोडणार? लोकांना बोलावून बसलोय. मालतीला सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या. डोळे काय कुठे पळून चाललेत?"

५ डिसेंबर

नाही उडाला. पुढे ढकलला. फळा पुसला.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळच्या बातम्यांत कळलं. रॉकेट जागेवरून जरा उचललं आणि परत खाली बसलं — आगीत. सगळं जळून गेलं. पण टोकावरचा तो लहानसा चंद्र उडून बाजूला पडला, आणि जमिनीवर पडल्या पडल्या आपला आवाज देतच राहिला म्हणे!

हे ऐकून मला कसंसंच झालं. यंत्राने आपलं काम चोख केलं. ज्यांनी वर न्यायचं त्यांनीच दगा दिला.

समोर लोटूची केळीची आडत. तो तिथूनच ओरडला, "क्या मिस्त्री, चांद चढला का झाडावर?" हमाल हसले. लोटूला घडाचं वजन कळतं, बाकी काही नाही.

मालतीला चंद्राचं सांगितलं. म्हणाली, "बिचारा. एकटाच पडून बोलत होता." तांदूळ निवडत होती. खडे बोटांनी चाचपून काढते हल्ली.

९ डिसेंबर

इंदूरला निघण्याआधी म्हटलं, आपण स्वतः तपासून पाहावं. डॉक्टर म्हणतो म्हणून धावत सुटायचं, हा माझा स्वभाव नाही. नेत्ररोगावरचं एक मराठी पुस्तक वाचनालयातून आणलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मालतीला उजेडात बसवलं. सुईत दोरा ओवायला दिला — पहिल्या फटक्यात ओवला! वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचली.

शिवाय माझ्याकडे याहून पक्का पुरावा आहे. गेल्या महिन्यात घराच्या धाब्यावर उभं राहून आम्ही तिघांनी रशियाचा चंद्र पाहिला. नुकतं उजाडत होतं. एक फिकट ठिपका, सरकत चाललेला. मी बोट दाखवलं. विमलला काही केल्या सापडेना, कुठे बाबा, कुठे, चाललं होतं. मालती मात्र लगेच म्हणाली, "हो, दिसला. तो काय चालला." मी विमलला चिडवलं सुद्धा, की आईचे डोळे तुझ्याहून तरणे आहेत.

ज्याला असला ठिपका दिसतो त्याचे डोळे गेले असं कसं म्हणायचं?

निष्कर्ष: मोतीबिंदू, अगदी कच्चा. मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, पिकल्याशिवाय कापत नाहीत. हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. माझ्या आईचा असाच पिकू दिला होता. आता इंदूरला गेलो तर डॉक्टर म्हणणार, पिकल्यावर या. फुकटचा हेलपाटा.

२२ डिसेंबर

अमेरिकेचा दुसरा प्रयत्न जानेवारीत, असं छापून आलंय.

विमलने पुन्हा इंदूर काढलं. मालती म्हणाली, आजपासून पौष लागला, पौषात चांगल्या कामाला बाहेर पडू नये. मी असलं मानत नाही. एरवी तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण ती स्वतःच नको म्हणते तर मी कशाला ओढून नेऊ?

संचाचा आवाज आज पहिल्यांदा स्वच्छ आला. नुसतीच खरखर, पण स्वच्छ खरखर!

२ जानेवारी १९५८

मालती म्हणते, दिव्याभोवती कडं दिसतं. रंगीत, इंद्रधनुष्यासारखं. मी तिला समजावून सांगितलं. तापीवरून थंडीत धुकं येतं, हवेत पाण्याचे कण असतात, प्रकाश त्यातून वाकतो. चंद्राला खळं पडतं ते असंच. कागदावर काढून दाखवलं. तिने मान डोलावली.

मी मुद्दाम बाहेर जाऊन रस्त्यावरचा दिवा पाहिला. मला कडं दिसलं नाही. धुकं तेवढ्यात विरलं असणार.

६ जानेवारी

मालती दाराच्या चौकटीला धडकली. डाव्या बाजूने. कपाळाला टेंगूळ. म्हणाली घाईत होते. कसली घाई?

१४ जानेवारी, संक्रांत

लोटू तिळगूळ घेऊन आला. त्याच्या तोंडून गोड निघणं कठीणच. "मिस्त्री, तुमच्या चांदला म्हणावं आता उत्तरायण लागलं, निघ बाबा." मग मालतीला पाहून जरा गंभीर झाला. वहिनींचे डोळे लाल दिसतात म्हणाला. मी सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकतोय. म्हणाला, हां, मग पिकू द्या, कच्च्याला हात लावू नये.

विमल पाणी घेऊन आली होती. तिथेच म्हणाली, "काका, केळी तर तुम्ही कच्चीच तोडता. पिकायची वाट पाहिली तर दिल्लीला काय पोचेल? चिखल."

लोटू खो खो हसला. मास्तरणीने मारलं म्हणाला. मला हसू आलं नाही. पाहुण्यासमोर असं बोलायचं असतं का?

पण वाक्य डोक्यातून जात नाही.

२० जानेवारी, सोमवार

पौष संपला. विमलने मला न विचारता आईची ट्रंक भरली. शाळेतून रजा घेतली. आणि नेमकं आजच वर्तमानपत्रात — अमेरिकेचा चंद्र याच आठवड्यात!

मी म्हटलं, एवढा आठवडा जाऊ दे. महिनाभर संच बांधलाय. वाचनालयाची मंडळी येणार आहेत, शाळेचे हेडमास्तर येणार आहेत. दुकान टाकल्यापासून ज्यांनी मला फक्त 'ए रेडिओवाले' म्हणून हाक मारली, ते सगळे.

विमल काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. म्हणाली, "आई कपाळ धरून बसते आणि तुम्ही फळा पुसून पुन्हा लिहिता. बाबा, तुम्हाला तिचं दुखणं ऐकू येतं का?"

मालतीच मध्ये पडली. "जाऊ दे गं. त्यांनी किती दिवस वाट पाहिली. आठ दिवसांनी काय होतंय मला?"

ट्रंक भिंतीशी ठेवली आहे. कुणी उघडली नाही.

२३ जानेवारी

पाऊस. तिकडे. पुढे ढकलला.

२४ जानेवारी

पुन्हा ढकलला. काहीतरी गळत होतं म्हणे. फळ्यावर आता तारीखच लिहिली नाही, 'लवकरच' लिहिलं. पोरं 'लवकरच, लवकरच' ओरडत गेली.

२६ जानेवारी, रविवार

प्रजासत्ताक दिन. शाळेत झेंडा. विमलच्या शाळेत यंदा भाषण हिंदीत झालं, तिलाच करावं लागलं. बरी बोलली म्हणतात. मी गेलो नाही, रेडिओजवळ होतो.

उडायला काही क्षण उरले आणि मोजणी थांबवली. बिघाड. आता महिनाअखेरीस नाही तर पुढच्या महिन्यात. हेडमास्तर येऊन बसले होते. उठताना म्हणाले, अहो दिगंबरराव, मुहूर्त बघून घ्या एखादा. त्यांच्यामागून मंडळी निघाली. कुणी चप्पल घालताना हसलं.

मी फळा आत आणून पालथा ठेवला. माझ्या हातात काय आहे? उडवणारे ते. वाट पाहणं तेवढं माझं. ते मी चोख केलं.

मालतीने चहा आणला. कप माझ्या हातात द्यायच्या ऐवजी हाताच्या बाजूला सोडला. बशी फुटली. तिने वाकून तुकडे उचलायला घेतले, आणि भलत्याच ठिकाणी चाचपत राहिली.

मी तिचा हात धरला. पहिल्यांदा वाटलं, हे मोतीबिंदूचं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

काल सबंध दिवस मालती ओकत होती. डोकं फुटतं म्हणाली. मला पित्त वाटलं, आवळकाठी उगाळून दिली. संध्याकाळी डावा डोळा लालभडक, बुबुळ धुरकट, हात लावू देईना. पुस्तक पुन्हा काढलं. कड्याचं त्यात आहे! दिव्याभोवतालचं रंगीत कडं, कपाळ दुखणं, उलटी — सगळं एका परिच्छेदात, दुसऱ्याच रोगाखाली. तो परिच्छेद मी डिसेंबरात वाचलेला आहे. पेन्सिलीने खूणही केलेली आहे, शुद्धलेखन चुकलंय म्हणून.

उद्याची पहिली गाडी.

निघायच्या तयारीत संचाचे सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवले. विमल म्हणाली कशाला? म्हटलं, कुणी हात लावेल. खरं तर मलाच तो समोर नको झाला होता.

३० जानेवारी

खांडव्याला गाडी बदलताना मालतीचा हात धरून चालवलं. फलाटावर डावीकडून हमाल पेट्या घेऊन आला. तिला तो अंगावर येईपर्यंत कळला नाही. लग्नानंतर चारचौघांत मी तिचा हात कधी धरला नव्हता. तिने सोडवून घेतला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार, इंदूर

उडाला.

दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर रेडिओ होता. अमेरिकेचा चंद्र पृथ्वीभोवती फिरतोय! लोक ऐकत होते, कप हातात तसेच. आणि गंमत अशी, की हा तो नव्हेच. मी ज्याची वाट पाहत होतो तो अजून जमिनीवरच उभा आहे. उडाला तो दुसराच, वेगळ्या खात्याचा. ज्याचं नावही मी फळ्यावर कधी लिहिलं नाही.

विमलने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे पैसे दिले आणि आत गेलो.

३ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर बाहेरगावी होते, आज येताच त्यांनी तपासलं. काचबिंदू. डोळ्याच्या आत दाब वाढतो, नस मरते. कडेकडेने दिसेनासं होतं, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं. म्हणून सुई ओवता येते आणि चौकट लागते.

"हा पिकत नसतो," ते म्हणाले. "याची वाट बघायची नसते. जे गेलं ते गेलं."

डावा गेला. उजवा निम्म्याहून जास्त गेलाय, शस्त्रक्रिया करून उरलेला राखता आला तर पाहू. उद्याच करणार आहेत. इथे कुणी पुढे ढकलत नाही.

त्यांनी विचारलं, कधीपासून कमी दिसतंय? मालतीने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं. नोव्हेंबरपर्यंत उत्तम होतं. माझ्यासमोर तिने आकाशातला चालता ठिपका पाहिलाय, विमलला न दिसलेला. म्हणजे बिघडलं असेल ते या दोन महिन्यांतलं. डॉक्टर म्हणाले, बाई, खरं का? मालती मान खाली घालून हो म्हणाली. ते माझ्याकडे वळले. म्हणाले, एवढी नस दोन महिन्यांत मरत नाही.

मी वाद घातला. डॉक्टरांशी. पुरावा आहे म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उजव्याचं काय ते उघडल्यावर कळेल.

मालतीला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आपल्या फळ्यावरचा चंद्र काल पुन्हा निघाला आणि पुन्हा पडला. ती ऐकत होती. मग अंदाजाने माझी बाही पकडली.

"एक सांगू? रागवायचं नाही. धाब्यावर तुम्ही दाखवलात ना तो — मला दिसलाच नव्हता. त्या अंधुक उजेडात तुमचं बोटसुद्धा धड दिसत नव्हतं. पण तुम्ही इतके खूश होता."